डोहाचा पान्हा

आमच्या घराकडे आसरांच्या डोहाचा मान आहे. गाव म्हणतं, होता. गावाला म्हणू दे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. खालापूरकडच्या डोंगरातून आमची नदी उतरते आणि गावाशेजारी एका काळ्या कातळाला अडून वळते. त्या वळणावर डोह आहे. उन्हाळ्यात बाकीची नदी गुडघाभर होते, पण डोहाचा तळ कुणी बघितलेला नाही. तिथं साती आसरांचा वास. पाण्यातल्या त्या सात बहिणी, आणि डोहातले मासे ही त्यांची लेकरं. काळ्या पाठीचे, हातभर लांब, रुपयाएवढ्या खवल्यांचे मासे. तिथं जाळं टाकायचं नाही, धुणं धुवायचं नाही, पायात काही घालून उतरायचं नाही. एरवी आमच्या माणसांना मासा दिसला की आधी मसाला आठवतो. पण डोहातल्या माशाकडे कुणी त्या नजरेनं बघितलेलं मला माहीत नाही.

बाई बाळंत झाली की सव्वा महिन्यानं पोराला घेऊन डोहावर पाणी पुजायला येते. हळदकुंकू, खण, नारळ, सगळं चारचौघांसारखंच. आमच्याकडे त्यापुढे एक जास्त आहे. आमच्या घरची थोरली बाई खालच्या पायरीवर बसून टाळी वाजवते आणि भाताच्या लाह्यांची मूठ पाण्यावर टाकते. मासे वर येतात, लाह्या खातात. मग तीच बाई जास्वंदीच्या पाकळीनं डोहाचं पाणी उचलते आणि पोराच्या जिभेवर थेंब सोडते. तेव्हा ते पोर गावाचं झालं. तोवर ते नुसतं आईचं.

माझ्या सासूनं हा मान चालवला, तिच्यामागे मी. आज गावात मिशा पिळत बसणाऱ्या कितीतरी जणांची तोंडं मी जास्वंदीच्या पाकळीनं उघडली आहेत. कुणाचं तोंड लहानपणापासूनच वाकडं होतं तेही मला माहीत आहे.

आता जयवंताचं सांगते. ती माझ्या भावाची, कडावच्या कोंडाजीची लेक. कोंडाजीनं तिला शाळेत घातली आणि ती शिकतच राहिली. कर्जत झालं, मुंबई झाली. मग नोकरी लागली ती मासे, बेडूक आणि किडे बघायची. मी कोंडाजीला म्हटलं, "नवरा बघायच्या वयात पोरीला बेडूक बघायला लावलंस." तो हसला. माझ्या भावाला हसण्यापलीकडे काही येत नाही.

तिचं काम काय ते तिनं एकदा आमच्या ओटीवर बसून मला सांगितलं. नदीत, शेतात, रानात कोणकोणता जीव होता, त्यातला कोणता कमी झाला, आणि तो कमी झाल्यावर माणसाच्या घरात काय कमी झालं, ते धुंडायचं. त्यासाठी ती नदीच्या काठाकाठानं गावं फिरायची आणि बायकांना विचारायची. पुरुषांना फारसं नाही. पुरुषाला ताटात काय आलं तेवढंच कळतं, कुठून आलं ते कळत नाही.

"आत्या, बाळंतिणीला तुमी काय देता?"

"तुला कशाला गं? तुझं ना लगीन, ना पोर."

"म्हणून तर विचारते. अनुभव नाय ना."

जीभ माझीच घेतली आहे तिनं. माहेरचं रक्त.

मी सांगितलं. "मुठ्यांचं सार. बांधातले खेकडे गं, मुठे. ते कुटायचे, गाळायचे, लसूण टाकून उकळायचे. बाळंतीण प्याली की असं दूध येतं, पोराला ठसका लागतो."

"आन् आता मिळतात मुठे?"

मिळत नव्हते असं नाही. पण बांधाच्या बिळात हात घालून आणायची वस्तू होती, ती आता शोधायची वस्तू झाली होती. हे कधी झालं ते मला आठवेना. माझ्याच घरातली गोष्ट, आणि मला आठवेना. मला तिचाच राग आला.

"कमी झालेत," मी म्हटलं.

"मंग मुठे नसले तर?"

"डबा. पावडरीचा. आनखी काय विचारायचंय? आमी न्हातो कशानं ते पन विचार."

त्याच खेपेला तिला डोहाचं पाणी बघायचं होतं. मी तिला अनवाणी उतरवलं. तिनं एक काचेची बाटली काठोकाठ भरली, आत बुडबुडासुद्धा राहू दिला नाही. मग पिशवीतून दोन औषधं काढून त्यात थेंब थेंब सोडली, बूच लावलं आणि बाटली खालीवर केली. पाणी बघता बघता तपकिरी झालं.

"आसरांच्या पान्याचा च्या केलास का गं?"

"आत्या, पाण्यात पण श्वास असतो. मासे तोच घेतात. श्वास असला की औषध असं तपकिरी होतं. जेवढा जास्त, तेवढा गडद रंग."

"आन् नसला तर?"

"तर पांढरं पडतं."

तिनं ते पाणी परत डोहात ओतलं नाही. लांब कातळाच्या खळग्यात नेऊन ओतलं. मला ते आवडलं. तिला तसं सांगितलं नाही.

हे झालं आणीबाणीच्या आधी. पुढं नदीच्या वरच्या अंगाला कसलातरी कारखाना आला. गावातली तरुण पोरं तिथं लागली. माझा लेक नामाही लागला. घरी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला भिजलेल्या चुन्यासारखा वास असायचा, पण पगार वेळेवर होता. मी सदरा वेगळा धुवायची आणि गप्प बसायची.

नदीचं काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. म्हणजे ऐकू यायचं बंद झालं तेव्हा कळलं. आमच्या मागच्या दारी बसलं की दिवस कलताना नदीकडून एक गलका येतो. बेडूक, रातकिडे, पाणकोंबड्या, कातळावर बसून ओरडणारा खंड्या. लहानपणी सासरी आले तेव्हा त्या गलक्यानं माझं डोकं उठायचं. एका वर्षी पाऊस सरल्यावर मी मागच्या दारी तांदूळ निवडत बसले होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, घरात चुलीवर दूध ठेवून विसरल्यासारखं. दोनदा उठून चूल बघून आले. मग लक्षात आलं. नदीचं पाणी वाजत होतं, पण एकटंच. त्याच्यासोबत कुणी नव्हतं.

ठकीला विचारलं. ठकी आमच्या शेजारची, माझ्याएवढीच, आणि मी काही म्हटलं की उलट म्हणायचं हे तिचं व्रत. "तुजे कान गेले मोतीबाय," ती म्हणाली. "वय झालं आता. मला बरूबर ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"जे यायचं ते!"

पण बोलता बोलता तिनंही मान नदीकडे फिरवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, कापणी आटोपल्यावर, नामाची बायको भागी बाळंत झाली. मुलगी. माझी पहिली नात. गुटगुटीत, आणि भूक अशी की आजीवर गेलेली. पण भागीला दूध उतरेना. मी नामाला मुठे आणायला पाठवलं. तो आपले बांध फिरला, आबाजी पंचांचे बांध फिरला, मग ओढ्यानं वर डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा टोपलीत दोन मुठे होते, नखाएवढे, आणि त्यातला एक मेलेला.

"आये, बिळं हायत," तो म्हणाला, "पन आत कुनी नाय."

नेरळहून पावडरीचा डबा आणला. पोर पीत होती, पण पिताना तोंड आईकडे वळवून रडायची. भागी भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला मी एका शब्दानं बोलले नाही. मी कितीही फाटक्या तोंडाची असले तरी बाळंतिणीला बोलत नाही.

पाणी पुजायचा दिवस जवळ आला तशी मी एकदा भर दुपारी पायऱ्या झाडायला डोहावर गेले. ऊन कातळावर तापलेलं, वारा नाही. मला बघून मासे नेहमी कडेला येतात. लाह्या आणल्यात का बघायला. त्या दिवशी मासे आधीच वर होते. सगळे. आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला, वरच्या अंगाला, नदी जिथून येते तिकडं. हालत नव्हते. शेपट्या तेवढ्या किंचित. देवळाच्या दारात लोक उभे असतात ना, दार उघडायची वाट बघत, तसे.

मी टाळी वाजवली. एकानंही वळून बघितलं नाही.

झाडू तिथंच टाकून मी घरी आले. घरात कुणाला सांगितलं नाही.

पूजेच्या दिवशी सकाळी जयवंता आली. नामाची मामेबहीण म्हणून तिला बोलावणं होतंच. पण ती कडावहून नाही, नदीच्या वरच्या अंगानं चालत आली होती. पाय चिखलानं भरलेले, आणि तो चिखल आमच्या नदीच्या रंगाचा नव्हता.

"आत्या, पूजा करा. पण पोरीला पाणी पाजू नका."

"कोन बोलतंय हे?"

"मी वर पाणी बघून आले. ते आज नायतर उद्या इथं येईल. आलंही असेल."

"जयवंते, तू माशांची डाक्तरीन असशील मुंबईला. डोहावर माजा मान हाय. माजी नात हाय. गावासमोर सव्वा महिना बोंबलून ठेवलंय मी. आता काय सांगू, भावाच्या पोरीनं बाटलीत बघितलं म्हनून आमी आसरांना नाय म्हनतो?"

"बाटली तुमीच बघा मंग," ती म्हणाली. "रंग तुमाला ठाऊक हाय."

तिनं आणखी वाद घातला नाही. मी घातला असता.

डोहावर गाव जमलं होतं. माझ्या नातीमागोमाग ठकीच्या नातवाचंही त्याच दिवशी होतं, त्यामुळे बायका दुप्पट. ठकी नव्या लुगड्यात नातवाला उराशी धरून माझ्या अगदी खांद्यामागे उभी, माझं आटपतंय कधी आणि तिचं होतंय कधी. आबाजी पंच वरच्या पायरीवर. भागीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, कळशी भरून बाजूला ठेवली. मी पोरीला मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसले.

टाळी वाजवायची गरजच पडली नाही.

ते वर आले. कडेपासून मधल्या काळ्या पाण्यापर्यंत, जिथं कधी कुणी मासा बघितला नव्हता तिथंही. लहान, मोठे, आणि ज्यांच्या पाठीवर शेवाळ धरलंय असे म्हातारेसुद्धा, जे मी सून होऊन आले तेव्हापासून एकदाच पाहिले होते. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या वर. उघडत होती, मिटत होती. आणि आवाज येत होता.

तो आवाज मी अजून ऐकते. चप्, चप्, चप्. सारा डोह चोखत होता. शेकडो तान्ही पोरं एकदम अंगावर पीत असावीत आणि आई मात्र कुठंच नसावी, तसा.

मग माझ्या मांडीवर काहीतरी हाललं. मी खाली बघितलं तर माझी नात डोळे टक्क उघडून पाण्याकडे बघत होती आणि तिचं तोंड त्याच ठेक्यावर उघडत होतं, मिटत होतं. मागं ठकीच्या खांद्यावर तिचा नातूही तेच करत होता. कुणी रडत नव्हतं.

"आत्याबाय," भागी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी वळून बघितलं. तिच्या चोळीवर दोन ओले डाग फुटले होते आणि खाली खाली पसरत होते. सव्वा महिना ज्या अंगाला थेंब नव्हता त्यातून दूध गळून पायरीवर पडत होतं.

"पान्हा!" ठकी किंचाळली. "आसरांनी पान्हा सोडला! बगा गं, आईनं पान्हा सोडला!"

मग काय विचारता. बायकांनी जमिनीला कपाळं टेकली. कुणी रडायला लागलं, कुणाच्या अंगात आलं. आबाजी पंच डोक्यावरची टोपी काढून हात जोडून उभे. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष कडेला बसलेल्या जयवंताकडे गेलं. तिनं गडबडीत बाटली भरून औषध घातलं होतं आणि ती बाटली हातात धरून नुसती बघत बसली होती. आबाजींनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि उन्हात उंच धरली.

बाटलीतलं पाणी पांढरं शुभ्र होतं. दुधासारखं.

"दूध!" आबाजी ओरडले. "पोरींनो, डोहाचं दूध झालं! बगा, ह्या डोळ्यांनी बगा!"

जयवंता उठली. काही सांगत होती, हात हलवत होती. त्या गलक्यात तिचं कोण ऐकतं! ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी पाण्याकडे बघत होते.

लाह्यांची मूठ मी कधीच टाकली होती. लाह्या माशांच्या तोंडामधून तरंगत होत्या. एखादं तोंड मिटताना लाही आत जायची, आणि तोंड उघडलं की तशीच बाहेर यायची. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एकाही माशानं एकही लाही गिळली नाही. माझ्या सासूच्या हातून, माझ्या हातून, दुष्काळात, पुरात, कधी त्यांनी आमची मूठ नाकारली नव्हती. दारात आलेला माणूस तोंड उघडून उभा राहतो आणि घास घेत नाही, तेव्हा तो आशीर्वाद द्यायला आलेला नसतो हे मला कुणी शिकवायला नको. मी पुष्कळ मरणं बघितली आहेत. शेवटी शेवटी माणूस असंच तोंड उघडतं.

ठकी माझ्या हातात जास्वंद कोंबत होती. "दे, मोतीबाय, दे थेंब! आन् मंग माज्या नातवाला दे. अशी घडी पुन्यांदा यायची नाय."

मी नातीच्या तोंडावर तळहात ठेवला. तळहाताखाली तिचे ओठ चालूच होते.

"पानी नाय द्यायचं," मी म्हटलं.

"काय?"

"लाह्या घेतल्या नायत त्यांनी. बगा. मूठ घेतली नाय, तर पानी उचलायचं नाय. तसा नेम हाय."

"कुनाचा नेम?" आबाजी म्हणाले. "आमी कदी ऐकला नाय."

"तुमी कशाला ऐकाल? तुमच्या घरात मान हाय का? माज्या सासूनं मला सांगितलंय."

सासूनं मला असं काही सांगितलेलं नव्हतं. तिच्या काळात माशांनी मूठ नाकारलीच नव्हती, तर ती सांगेल कुठून? पण मान माझ्याकडे होता, आणि नेम काय ते सांगायचा हक्क त्याच्यातच आला.

"भागीचं दूध बग की गं!" ठकी ओरडली. "तुजी सून डोळ्यासमोर पान्हावली, आन् तू—"

"पान्हावली, तर पोर तिचं पियेल. डोहाचं नाय."

"मी देते माज्या नातवाला माज्या हातानं!"

"दे. मान मोडून दे. पुडं काय झालं तर गावाला सांग, ठकीनं मान मोडला व्हता."

ठकीचा हात पाण्याजवळ गेला आणि तिथंच राहिला. तिच्या तोंडावर जो राग होता तो मी जन्मभर विसरणार नाही. पण तिनं पाणी उचललं नाही. मी उठले, भागीनं भरून ठेवलेली कळशी पायानं लोटली. पाय लावला, होय. कळशी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. डोहात तोंडं उघडत होती, मिटत होती. मी पोरीला पदराखाली घेतलं आणि मागं न बघता चढून आले. पाठीमागून तो चोखायचा आवाज घराच्या वळणापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोह पांढरा होता. पोटं वर करून ते सगळे मेले होते. पाणी दिसत नव्हतं, इतके. वर एक घार नाही, काठावर एक कावळा नाही. एवढं अन्न पडलेलं आणि खायला कुणी आलं नाही.

जयवंता गुडघाभर पाण्यात उभी होती. "पाण्यातला श्वास संपला व्हता, आत्या," ती म्हणाली. "ते वर हवा घ्यायला आले व्हते. बाकी काही नाय."

"आन् भागीचं दूध?"

"पोर चोखल्याचा आवाज कानावर पडला की बाईला पान्हा फुटतो. तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय."

"मी देवळात जाऊन सगळ्यांना सांगते."

"सांग. तू माज्या भावाची पोर हायस, आधी ते आठवतील."

तिनं सांगितलं. बाटल्या दाखवल्या, कारखान्याचं सांगितलं, चांगलं समजावून सांगितलं. आबाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई दूध घेऊन दारात आली व्हती. तुज्या आत्यानं कळशीला लाथ मारली. आई लेकरं घेऊन गेली. ह्यात बाटलीचं काय काम?" त्या महिन्यात आबाजींच्या म्हशीनं खाली नदीवर पाणी पिऊन गाभ टाकला, तोही माझ्याच नावावर लागला. खालच्या वाडीत पोरांच्या अंगाला फोड आले, तेही माझेच. ठकीच्या नातवाला काही झालं नाही. ठकी त्याला माझ्यासमोरून मुद्दाम नेते आणि म्हणते, "आमच्या लेकराला पानी मिळालं नाय, मेलीमुळं." मी म्हणते, "दिसतंय, किती वाळलाय बिचारा." तो असा वाढलाय की दारातून आडवा जातो.

गावानं आमचा मान काढला. कुणाला द्यायचा यावर बैठक झाली. कुणी घ्यायला तयार होईना, कारण डोहात टाकलेली मूठ खायलाच कुणी नव्हतं. आता बायका नुसत्या विहिरीवर पाणी पुजतात. नामा अजून कारखान्यातच आहे. घर त्याच्यावर चालतं, आणि मी सदरा अजून वेगळाच धुते.

भागीला त्या दिवसापासून दूध कमी पडलं नाही. नात पुष्कळ प्याली. पुढं अंगावरचं सुटलं, शाळेत जायला लागली. पण भागी नदीवर जात नाही. गेली की चोळी भिजते. आवाज काही नसतो, तिला काही ऐकू येत नाही, तरी भिजते. जयवंताकडे यालाही काही उत्तर असेल. मी विचारलेलं नाही.

जयवंता दरवर्षी येते. केस पांढरे व्हायला लागले तिचे, लग्नाचं मी आता बोलत नाही. बाटली भरते, औषध घालते. हल्ली रंग फिकट तपकिरी येतो, म्हणजे श्वास परत येतोय थोडा. पण कडेच्या उथळ पाण्यात जाळी घालून ढवळून बघते (लेकरंच उरली नाहीत, मग जाळ्याला मी कशाला अडवू), तेव्हा म्हणते, "काही नाय आत्या. किडासुद्धा नाय. पानी हाय, पन त्यात कुनी राहत नाय."

मी मात्र दर आठवड्याला दुपारची लाह्या घेऊन जाते. मान काढला तो गावानं, मी सोडलेला नाही. मूठ टाकते. लाह्या तरंगत तरंगत कडेला लागतात, मी उठून येते. वर्षं अशी गेली.

यंदा माघात नात सोबत आली. शाळेला सुट्टी होती. ऊन तसंच कातळावर, वारा नाही. मी मूठ टाकली. लाह्या थोडा वेळ तरंगल्या. मग मधली एक लाही आत गेली. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, लहान, ओठ मिटावेत तसं. मग दुसरी. मग कडेची. एकेक करून साऱ्या लाह्या आत गेल्या, आणि एकही वर आली नाही. मी वाकून बघितलं. ऊन सरळ खाली जात होतं. पाणी काचेसारखं, आणि त्यात काही नव्हतं. कालच जयवंतानं तिथं जाळं ओढलं होतं, तेही रिकामं आलं होतं.

"आजी, घेतल्या त्यांनी," नात म्हणाली. "सगळ्या घेतल्या. मूठ घेतली की पानी देतात ना? ठकीआजी सांगते, तूच तसा नेम सांगितलास."

नेम माझाच.

तिनं खाली बसून ओंजळ पाण्याला लावली. पाण्यावर अजून वर्तुळं उमटत होती, लाह्या संपल्या तरी. मी तिची भरलेली ओंजळ माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरली आणि पाणी बोटांमधून गळून जाऊ दिलं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं, माझ्याच डोळ्यांनी. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि शब्द निघत नव्हता.